देहाची संहिता, पडद्यावरील पाठ : कॅमेऱ्याने चालणाऱ्या 'अवतारा'चे स्वरूप

कॅमेऱ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हालचालींनी संगणकाच्या पडद्यावरील चित्रित मानवाकृती चालविण्याचे तंत्र आता मोठ्या चित्रपटसंस्थांपुरते मर्यादित राहिलेले नाही. घरच्या संगणकाचा साधा कॅमेरा आणि विनामूल्य मिळणारी संगणकप्रणाली एवढ्या सामग्रीवर ते साधते. त्यासाठी अंगाला खुणेचे गोळे चिकटवावे लागत नाहीत, विशेष पोशाखही लागत नाही. माणूस हात उचलतो आणि पडद्यावरील आकृतीचा हात उचलला जातो. या आकृतीला जगभर 'अवतार' असे म्हटले जाते.

या तंत्राचे वर्णन करताना 'आरसा' किंवा 'नक्कल' ही रूपके सर्रास योजली जातात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ही रूपके दिशाभूल करणारी आहेत. येथे जे घडते ते वाचनाच्या आणि अनुवादाच्या अधिक जवळचे आहे. संगणक देह 'वाचतो', जे दिसत नाही ते अनुमानाने भरून काढतो, आणि वाचलेले दुसऱ्या देहाच्या भाषेत उतरवितो. या तिन्ही टप्प्यांवर निवड असते, आणि जेथे निवड असते तेथे काही गाळले जाते. काय गाळले जाते, याचा विचार साहित्याच्या व प्रयोगकलांच्या अभ्यासकाने करणे अगत्याचे आहे. कारण लोककलांच्या नोंदी करण्यासाठी हेच तंत्र वापरण्याचा मोह उद्या आपल्यालाही होणार आहे.

१. 'अवतार' ही संज्ञा

'अव' या उपसर्गासह 'तॄ' या धातूपासून सिद्ध झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ 'खाली उतरणे' असा आहे. संगणकीय खेळांच्या संदर्भात तो १९८० च्या दशकाच्या मध्यास वापरात आला. 'अल्टिमा ४' (१९८५) हा खेळ आणि लुकासफिल्म या संस्थेचे 'हॅबिटॅट' हे सामायिक आभासी जग ही त्याची आरंभीची स्थळे होत. पुढे नील स्टीफन्सन यांच्या 'स्नो क्रॅश' (१९९२) या कादंबरीने त्याला व्यापक प्रसिद्धी दिली.

मराठीत या शब्दाला दोन छटा आहेत. 'अवतारकार्य', 'अवतार संपणे' या प्रयोगांत उदात्त अर्थ आहे. तर 'हा काय अवतार करून आलास?' या घरगुती उद्गारात केवळ बाह्य रूपाचा, तेही विसकटलेल्या रूपाचा निर्देश आहे. संगणकीय अवताराला या दोन्ही छटा लागू पडतात. तो एक धारण केलेले रूप आहे. तसेच त्यात 'उतरणे'ही आहे. पौराणिक कल्पनेत अवतार घेणारा देहाच्या मर्यादा पत्करतो. येथे माणूस पडद्यावरच्या देहाच्या मर्यादा पत्करतो. त्या मर्यादा कोणत्या, हे पाहण्यापूर्वी या तंत्राची पूर्वपीठिका थोडक्यात लक्षात घेतली पाहिजे.

२. पूर्वपीठिका

हालचाल देहापासून वेगळी काढून तिची स्वतंत्र नोंद करता येईल, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी १८८० च्या दशकात माणसाला काळा पोशाख घालून, त्यावर अवयवांच्या दिशेने पांढऱ्या रेषा व सांध्यांवर ठिपके लावून, एकाच काचेवर लागोपाठ छायाचित्रे घेतली. देह अंधारात विरला आणि केवळ गतीची रेषाकृती उरली. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी १९१५ साली 'रोटोस्कोप' या यंत्राच्या एकस्वासाठी अर्ज केला. चित्रित माणसाच्या प्रत्येक चौकटीवरून रेखाटन करून व्यंगचित्रातील पात्र हलविण्याची ती युक्ती होती.

१९७३ साली स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नर योहान्सन यांनी अंधारात चालणाऱ्या माणसाच्या मुख्य सांध्यांवर दिवे लावून जे प्रयोग केले, ते सैद्धांतिकदृष्ट्या महत्त्वाचे आहेत. स्थिर असताना ते दहा-बारा ठिपके प्रेक्षकाला निरर्थक वाटत. ते हलू लागताच क्षणार्धात माणूस ओळखू येई. १९७७ साली जेम्स कटिंग आणि लिन कोझलोव्स्की यांनी दाखवून दिले की, अशा ठिपक्यांवरून परिचितांना त्यांच्या चालीवरून काही प्रमाणात ओळखताही येते. थोडक्यात, ठिपके अगदीच निर्जीव नसतात. व्यक्तीची काही खूण त्यांत उतरते. हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडेल.

कॅमेऱ्यासमोरील देहाने पडद्यावरील रूप तत्क्षणी चालवावे, हा विचार मायरन क्रूगर यांनी १९७० च्या दशकात 'व्हिडिओप्लेस' या रचनेत प्रत्यक्षात आणला. तेथे माणसाची छायाकृती पडद्यावर उमटे आणि संगणकाने काढलेल्या आकृत्यांशी तिचा व्यवहार चाले. मात्र त्या संगणकाला माणसाची बाह्यरेषा कळे. आतला सांगाडा कळत नसे. २०१० साली मायक्रोसॉफ्टने बाजारात आणलेल्या 'किनेक्ट' या उपकरणाने अवरक्त किरणांच्या साहाय्याने अंतर मोजून सांध्यांची जागा ठरविली. त्याचे उत्पादन २०१७ साली थांबले. परंतु त्याच वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांच्या 'ओपनपोज' या प्रणालीने साध्या रंगीत चित्रातून एकाच वेळी अनेक माणसांचे सांधे शोधून दाखविले. २०२० साली गूगलच्या संशोधकांनी मांडलेली 'ब्लेझपोज' ही प्रणाली मोबाइल फोनवरही चालू लागली. आजचे बहुतेक घरगुती अवतार या किंवा अशाच प्रणालींवर उभे आहेत.

३. देहाचे वाचन

ही प्रणाली काम कशी करते? कॅमेरा साधारणपणे सेकंदाला ३० चित्रे घेतो, म्हणजे एका चित्रामागे संगणकाच्या हाती सुमारे ३३ सहस्रांश सेकंद असतात. तेवढ्या अवधीत चित्रात माणूस कोठे आहे हे शोधावयाचे, त्याच्या देहावरील ठरावीक खूणबिंदूंच्या जागा सांगावयाच्या, आणि प्रत्येक बिंदूविषयी आपली खात्री किती हेही नोंदवावयाचे असते. ब्लेझपोजमध्ये असे ३३ बिंदू आहेत : चेहऱ्यावर ११, खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हातांचे मिळून १२, आणि नितंबसंधीपासून पावलांपर्यंत १०. बोटांसाठी आणि चेहऱ्यासाठी निराळ्या प्रणाली जोडता येतात. त्यांत प्रत्येक हातावर २१ बिंदू असतात, तर चेहऱ्यावरील जाळ्यात ४६८.

हे बिंदू शोधण्याचे काम 'न्यूरल नेटवर्क' करते. माणसांनी आधी खुणा करून दिलेली असंख्य चित्रे पाहून ते 'शिकलेले' असते. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. कॅमेरा एकच असल्यामुळे चित्रात खोली नसते. कॅमेऱ्याच्या दिशेने वाकलेला हात आणि उलट दिशेने वाकलेला हात यांची सपाट चित्रातील आकृती जवळजवळ सारखीच येऊ शकते. डोळ्यांना लांबीने आखूड दिसणारा हात वास्तविक आखूड नसून तो पुढे आलेला आहे, हे संगणकाने अनुमानानेच ठरवावयाचे असते. तीच गोष्ट झाकलेल्या अवयवाची. पाठीमागे गेलेला हात, टेबलाखालचे पाय, वस्त्राच्या घोळात दडलेला गुडघा यांच्याही जागा प्रणाली सांगते. मात्र त्या 'पाहिलेल्या' नसतात. पूर्वी पाहिलेल्या देहांवरून 'असाव्यात' अशा असतात.

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही परिस्थिती अपरिचित नाही. अक्षर पुसट झाले असता लेखनिक आपल्या परिचयातील शब्द तेथे लिहितो. प्रत वाचनीय होते, पण पाठ बदलतो. असा बदल अपरिचित, प्रादेशिक वा जुन्या रूपांच्या ठिकाणी अधिक होतो, कारण तेथेच लेखनिकाची अपेक्षा आणि मूळ संहिता यांत अंतर असते. देहाच्या वाचनातही तसेच होते. प्रशिक्षणाच्या चित्रांत जो पोशाख, जी बैठक, जी मुद्रा विरळ, तेथे अनुमान चुकण्याचा संभव अधिक.

४. फिल्टर आणि अनुवाद

वाचलेले बिंदू तसेच्या तसे अवतारास जोडले, तर तो सतत थरथरताना दिसतो. कारण स्थिर उभ्या असलेल्या माणसाच्याही बिंदूंच्या जागा दर चित्रात किंचित बदलून येतात. म्हणून मध्ये एक फिल्टर बसवितात. २०१२ साली मांडला गेलेला 'वन यूरो फिल्टर' या कामी प्रचलित आहे. त्याचे तत्त्व सोपे आहे. हालचाल संथ असेल तेव्हा तो बारीक कंप जोराने पुसतो. हालचाल वेगवान झाली की, अवतार मागे पडू नये म्हणून पुसणे कमी करतो. म्हणजेच स्थैर्यातील सूक्ष्म कंप हा येथे 'दोष' मानलेला आहे.

यानंतर अनुवादाचा टप्पा येतो. नटाचा देह आणि अवताराचा देह यांची प्रमाणे क्वचितच सारखी असतात. समजा, नटाने नमस्कारासाठी हात जोडले. अवताराचे खांदे रुंद आणि हात आखूड आहेत. नटाच्या कोपराचे व खांद्याचे कोन जसेच्या तसे घेतले, तर अवताराचे तळवे एकमेकांना भेटणारच नाहीत. तळवे जुळलेच पाहिजेत असे ठरविले, तर कोन बदलावे लागतील आणि हातांची ढब निराळी होईल. पहिला मार्ग शब्दशः अनुवादाचा, दुसरा आशयनिष्ठ अनुवादाचा. कोणता पत्करावा, हे यंत्र स्वतः ठरवीत नाही. अवताराची रचना करणाऱ्याने ते आधी ठरविलेले असते. नमस्कार हा नमस्कार राहतो तो तळवे जुळण्यामुळे की हातांच्या वळणामुळे, या प्रश्नाचे उत्तर गणितात नसून संस्कृतीत आहे. शिवाय तळवे जुळले की एक हात दुसऱ्याला झाकतो आणि प्रणालीचा गोंधळ उडण्याची शक्यता वाढते, ही अडचण वेगळीच.

५. नाट्यशास्त्राच्या कसोटीवर

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. कॅमेऱ्याचा अवतार यांपैकी आंगिक तेवढा वाचतो. वाचिक ध्वनिक्षेपकातून वेगळे येते. आहार्य म्हणजे वेषभूषा आधीच रेखाटलेली असते. परंतु आंगिकाचेही वाचन पूर्ण होते का?

नाट्यशास्त्रात सहा अंगे मानली आहेत : शिर, हस्त, उर, पार्श्व, कटी आणि पाद. आता ३३ बिंदूंची यादी पुन्हा पाहावी. खांद्यांचे दोन बिंदू आणि नितंबसंधींचे दोन बिंदू यांच्या दरम्यान एकही बिंदू नाही. उर नाही, पार्श्व नाही, पाठीचा कणा नाही. कटीचा निर्देश केवळ दोन टोकांनी होतो. भरताने उर, पार्श्व व कटी यांच्या प्रत्येकी पाच क्रिया सांगितल्या आहेत. त्यांतील छाती आत घेणे वा पुढे काढणे, कुशीची आकुंचन-प्रसरणे या गोष्टी खांदे आणि नितंब यांच्या परस्परसंबंधावरून अंदाजाने उभ्या कराव्या लागतात. श्वास तर जवळजवळ गळतोच. म्हणूनच अनेक अवतारांत श्वासोच्छ्वासाची हालचाल यंत्रवत् पुनरावृत्तीने आधीच भरून ठेवतात. पडद्यावरचा श्वास तेव्हा नटाचा नसतो.

शास्त्रानेही गणना केलीच आहे, मग संगणकाच्या गणनेला दोष का द्यावा, असा आक्षेप येथे घेता येईल. तेरा शिरोभेद, छत्तीस दृष्टी, एकशे आठ करणे ही गणनाच होय. आक्षेप विचारार्ह आहे. चेहऱ्याच्या हालचालींसाठी आज ५२ घटकांची एक यादी प्रचलित आहे. त्यात डावी पापणी मिटणे, जबडा उघडणे, उजवी भुवई उतरणे असे घटक असतात. प्रत्येकाची मात्रा शून्य ते एक या दरम्यान मोजली जाते. परंतु ही यादी स्नायूंची आहे. भरताच्या छत्तीस दृष्टी रस, स्थायी भाव आणि संचारी भाव यांच्या आधाराने विभागलेल्या आहेत, आणि मुद्रांसोबत त्यांचा विनियोग सांगितलेला आहे. एक गणना अर्थापासून सुरू होते, दुसरी अर्थ वगळून सुरू होते. दुसरीचा लाभ असा की ती कोणत्याही देहाला लागू करता येते. तिची किंमत अशी की अर्थ पुन्हा कोणीतरी बाहेरून आणून द्यावा लागतो.

सात्त्विक भावांकडे वळल्यावर ही किंमत अधिक स्पष्ट होते. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव. यांतील स्वेद, रोमांच, वैवर्ण्य आणि अश्रू यांना बिंदूच नाहीत. ते त्वचेवर घडतात आणि सांध्यांची भाषा त्यांना जाणत नाही. वेपथू म्हणजे कंप. तो बिंदूंत उतरतो, परंतु फिल्टर नेमका तोच दोष म्हणून पुसतो. संथ उभ्या असलेल्या नटाची भावावेगाने थरथरणारी बोटे आणि कॅमेऱ्याच्या अनिश्चिततेमुळे हलणारे बिंदू यांत भेद करण्याचे साधन त्या गणितापाशी नाही. राहिला स्तंभ. पुतळ्यासारखा निश्चल झालेला नट आणि माग तुटल्यामुळे गोठलेला अवतार पडद्यावर सारखेच दिसतात. अर्थात, फिल्टर सैल करता येतो आणि बिंदू वाढविता येतात. तरीही कोणता कंप अर्थपूर्ण आणि कोणता निरर्थक, हा निर्णय कोणीतरी घ्यावाच लागतो.

६. पात्र, नट आणि 'आतला माणूस'

यावरून असे वाटेल की, नटाचे व्यक्तित्व या प्रक्रियेत संपूर्णपणे लोपते. तसे होत नाही, हे जपानमधील एका प्रकरणातून दिसते. २०१६ च्या अखेरीस यूट्यूबवर 'किझुना आइ' हे चित्रित पात्र अवतरले आणि स्वतःला 'व्हर्च्युअल यूट्यूबर' म्हणवू लागले. त्याच्या मागोमाग असंख्य कलावंतांनी साधा कॅमेरा वा मोबाइल फोन वापरून हा प्रकार रुजविला. अशा पात्रामागील व्यक्तीला जपानीत 'नाका नो हितो', म्हणजे 'आतला माणूस', असे म्हणतात. आणि तिची ओळख उघड न करण्याचा संकेत प्रेक्षकही सामान्यतः पाळतात.

२०१९ साली किझुना आइच्या निर्मात्यांनी त्याच रूपाला एकाहून अधिक आवाज देण्याचा प्रयोग केला. रूप, नाव, वेष सारे तेच होते. तरीही प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गाने तो स्वीकारला नाही. पात्र ही निर्मात्यांची मालमत्ता असली, तरी प्रेक्षकांच्या लेखी ते एका विशिष्ट व्यक्तीच्या आवाजात, लकबीत आणि लयीत वसलेले होते. योहान्सन यांच्या ठिपक्यांतून जी व्यक्ती ओळखू येते, तीच येथेही जाणवत होती. संहिता एक आणि प्रयोग अनेक, हे तत्त्व रंगभूमीला मान्य आहे, कारण तेथे नट बदलल्याचे सर्वांना दिसते. अवताराच्या मुखवट्याआड मात्र नट बदलला तरी दिसत नाही, आणि म्हणून त्याचे श्रेय, त्याचा मोबदला आणि त्याची अनुपस्थिती या तिन्ही गोष्टी झाकल्या जाण्याचा संभव राहतो.

७. नोंदीचा प्रश्न

आता आरंभी सूचित केलेल्या मुद्द्याकडे येऊ. लोककलांच्या जतनासाठी हे तंत्र स्वस्त आणि सोयीचे आहे. बैठकीची लावणी अशा रीतीने नोंदवावयाची आहे असे समजू. कलावती बसलेली आहे; नऊवारी लुगड्यात मांडी व गुडघे झाकलेले आहेत. कमरेखालचे सारे बिंदू अनुमानाचे असतील. अदाकारीचा भार दृष्टी, भुवई, मानेची लय आणि बोटांचे सूक्ष्म वळण यांवर असल्याने, नेमक्या त्याच हालचाली संथ आणि बारीक म्हणून फिल्टरच्या कचाट्यात सापडतील. जमा झालेली नोंद आकड्यांत नेटकी दिसेल. पडद्यावरचा अवतार हात हलवील, मान वळवील. परंतु वीस वर्षांनी कोणी केवळ त्या नोंदीवरून त्या कलावतीची अदा अभ्यासू लागला, तर तो प्रणालीच्या अपेक्षा अभ्यासत असेल.

यास्तव काही पथ्ये सुचवावीशी वाटतात. मूळ चित्रफीत कधीही टाकून देऊ नये. बिंदूंची नोंद हा तिच्यावरून सिद्ध केलेला एक पाठ आहे. फिल्टर न लावलेले बिंदू स्वतंत्र जतन करावेत आणि प्रत्येक बिंदूविषयी प्रणालीने दिलेला खात्रीचा आकडाही सोबत ठेवावा. संपादकाने संशयित पाठ कंसात दाखवावा तसेच हे आहे. कॅमेऱ्याची जागा, प्रणालीचे नाव व आवृत्ती लिहून ठेवावी. अवतार कलावंताला दाखवून, यात आपले काय आलेले नाही, हे त्याच्याकडूनच नोंदवून घ्यावे. आणि चालीवरून माणूस ओळखू येतो हे ध्यानात ठेवून, त्या नोंदीचा पुढे कोण कसा उपयोग करील याविषयी कलावंताची संमती घ्यावी. चेहरा पुसला म्हणजे व्यक्ती पुसली, असे येथे मानता येत नाही.

शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा पाठांत शिरलेली भर ओळखणे हेच त्यांचे मुख्य काम होते. देहाच्या संहितेबाबत तेच काम आता प्रयोगकलांच्या अभ्यासकाकडे आले आहे. त्यासाठी त्याला गणित येणे आवश्यक नाही. पडद्यावर हलणाऱ्या आकृतीतील कोणती हालचाल पाहिलेली आहे, कोणती अनुमानलेली आहे आणि कोणती पुसलेली आहे, एवढे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीला विचारण्याची सवय मात्र त्याने लावून घेतली पाहिजे.